रोगांची मोजदाद

१९६७ साली जगातील सर्व देशांनी मिळून देवीच्या रोगाचे जे रुग्ण जागतिक आरोग्य संघटनेला कळविले, त्यांची संख्या सुमारे १ लाख ३१ हजार होती. पुढे या रोगाच्या निर्मूलनाचे काम करणाऱ्या तज्ज्ञांनी त्याच वर्षाचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांचा अंदाज निघाला तो १ कोटी ते दीड कोटी रुग्णांचा. म्हणजे शंभर माणसांना देवी आल्या, तर त्यांतील जेमतेम एकाची नोंद दप्तरी होत होती. उरलेल्या नव्याण्णवांनीही तोच ताप सोसला, तेच फोड अंगावर वागविले. त्यांतील कित्येक दगावले, कित्येकांची दृष्टी गेली. परंतु जगाच्या हिशेबाच्या वहीत ती माणसे कधी अवतरलीच नाहीत.

रोग आधी की रोगाची मोजणी आधी, असा प्रश्न विचारला तर तो चमत्कारिक वाटेल. घरात मूल तापाने फणफणले असता आई आकडेमोड करीत बसत नाही. परंतु एखाद्या घराचा विचार सोडून जिल्ह्याचा, प्रांताचा किंवा साऱ्या देशाचा विचार करू लागताच हा प्रश्न पुढे येऊन उभा राहतो. लस किती मागवावी, ती कोणत्या गावी आधी न्यावी, कोणत्या वयाच्या मुलांना द्यावी, आणि एवढा खर्च करून पदरात काय पडले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर रोग किती आहे हे कळल्यावाचून देता येत नाही. त्यातही देवी, पोलिओ, गोवर, रुबेला, ब प्रकारची कावीळ, रोटा विषाणूचा अतिसार हे जे लशीने टाळता येणारे विषाणुजन्य रोग आहेत, त्यांची मोजणी ही केवळ माहिती नव्हे. ज्या दुखण्यावर उपायच नाही त्याची गणती ही दैवाची गणती असते. ज्याच्यावर उपाय हाताशी आहे त्याची गणती ही राहून गेलेल्या कर्तव्याची असते.

हे रोगी वहीतून गळतात तरी कसे? घरातून सरकारी कचेरीपर्यंतची वाट लक्षात घेतली म्हणजे याचा उलगडा होतो. मुलाच्या अंगावर पुरळ उठले. आईने ते ओळखले, पण गोवर हा डॉक्टरकडे नेण्याचा आजार नव्हे अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. म्हणून कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवून मूल घरातच राहिले. देवीच्या बाबतीत तर मराठी भाषेने रोगाला आणि देवतेला एकच नाव दिले होते. लस टोचण्यालाही लोक ‘देवी काढणे’ म्हणत. जो देवीचा कोप आहे, त्याची वर्दी चावडीवर कोण देणार? समजा, निम्म्या आया मुलाला घेऊन दवाखान्यात गेल्या. त्यांतील निम्म्यांचा रोग तेथे बरोबर ओळखला गेला. ओळखलेल्यांपैकी निम्म्यांची चिठ्ठी वर पाठविली गेली. आणि पाठविलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या वेळेवर पोहोचल्या. कोणत्याही पायरीवर फार मोठा हलगर्जीपणा झालेला नाही. तरीही शंभरांचे पन्नास, पन्नासांचे पंचवीस, पंचविसांचे बारा आणि बारांचे सहा झाले. देशाच्या राजधानीत बसलेल्या माणसाला सहाच रोगी दिसतात आणि बाकीचे चौऱ्याण्णव त्याच्या दृष्टीने निरोगी असतात.

इंग्रजी अमदानीत जन्ममृत्यूची वर्दी देण्याचे काम कोठे पाटलाकडे, तर कोठे चौकीदाराकडे असे. माणूस मेला एवढे तो खात्रीने सांगू शके. कशाने मेला हे सांगण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. त्यामुळे जुन्या अहवालांत मृत्यूच्या कारणांत ‘ताप’ हे कारण सर्वांत पुढे असते. हिवतापाने, विषमज्वराने, मेंदूज्वराने किंवा गोवरानंतरच्या फुफ्फुसदाहाने गेलेले असे सर्व प्रकारचे मृत्यू त्या एका रकान्यात जाऊन पडत. स्वातंत्र्यानंतर १९६९ साली जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा झाला आणि नोंदणी हळूहळू सुधारत गेली. तथापि, मृत्यूची नोंद होणे आणि त्याचे खरे कारण नोंदले जाणे यांमध्ये अंतर राहिलेच.

या अडचणीतून वाट काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी ज्या युक्त्या योजल्या, त्या मोठ्या उद्बोधक आहेत. नोंदवही खोटे बोलत असेल, तर दुसरा साक्षीदार शोधावा, हे त्यांतील सूत्र.

पहिला साक्षीदार म्हणजे रोग्याचा चेहरा. देवीच्या उग्र प्रकारातून वाचलेल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर जन्मभर व्रण राहत. तेव्हा गावोगावी जाऊन मुलांचे चेहरे पाहिले आणि कोणत्या वयाच्या किती मुलांना व्रण आहेत हे टिपले, म्हणजे त्या गावचा मागील काही वर्षांचा इतिहास वाचता येतो. पाच वर्षांच्या आतील मुलांच्या चेहऱ्यांवर व्रण आढळले, तर गेल्या पाच वर्षांत रोग तेथे येऊन गेला हे निश्चित. मग दप्तरात काहीही लिहिलेले असो. उलट मोठ्या मुलांना व्रण आहेत आणि लहानांत एकालाही नाहीत, असे दिसले तर रोग केव्हा थांबला याची तारीखही साधारणपणे सांगता येते. कागद दडविता येतो, चेहरा दडविता येत नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे लंगडणारा पाय. उष्ण कटिबंधातील गरीब देशांत पोलिओ फारसा नाही, तो युरोप-अमेरिकेचा रोग आहे, अशी समजूत फार काळ प्रचलित होती. याचे कारण असे की तेथे पोलिओच्या साथी गाजत आणि येथे त्या कोणाच्या नजरेत भरत नसत. १९७० नंतरच्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात संशोधकांनी शाळकरी वयाच्या मुलांची पाहणी केली. पोलिओमुळे पंगू झालेल्या मुलांचे प्रमाण हजारी सात भरले. लस निघण्यापूर्वी श्रीमंत देशांत जे प्रमाण होते त्याहून हे काही कमी नव्हते. मग अशाच पाहण्या इतर देशांत झाल्या. भारतातही १९८१-८२ च्या सुमारास त्या झाल्या आणि येथे दरवर्षी लाखांच्या हिशेबाने मुले पंगू होत असली पाहिजेत असा निष्कर्ष निघाला. नोंदवहीतील आकडा त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. या पाहणीचा आकडाही अपुराच असतो, कारण जे मूल दगावले ते लंगडताना दिसत नाही आणि ज्याचा केवळ हात लुळा पडला तेही मोजणीत येत नाही. म्हणून त्यात हिशेबाने भर घालावी लागते.

तिसरी युक्ती गणिताची असून तिचा जन्म बंगालमध्ये झाला आहे. कलकत्त्याजवळ सिंगूर येथे जन्ममृत्यूच्या नोंदी कितपत पुऱ्या आहेत, याची तपासणी १९४७ च्या सुमारास करण्यात आली. तिच्या आधारे भारतीय संख्याशास्त्रज्ञ चंद्रशेखर आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी १९४९ साली एक पद्धती मांडली. एकाच गावाच्या दोन स्वतंत्र याद्या घ्यावयाच्या, एक सरकारी नोंदवहीतील आणि दुसरी घरोघर विचारून केलेली. समजा, पहिल्या यादीत ६० नावे निघाली, दुसरीत ८० निघाली, आणि त्यांतील ४८ नावे दोन्हींत समान आहेत. घरोघर सापडलेल्या ८० पैकी नोंदवहीला ४८ म्हणजे शेकडा ६० सापडले होते. यावरून नोंदवहीची नजर शेकडा ६० इतकीच पोहोचते असे ठरते. मग तिच्यातील ६० नावे म्हणजे खऱ्या संख्येचे शेकडा ६०, अर्थात खरी संख्या १००. दोन्ही याद्या एकत्र केल्या तर नावे भरतात ९२. म्हणजे जी आठ माणसे कोणालाच दिसली नाहीत, त्यांचाही हिशेब लागला. मात्र दोन्ही याद्या खरोखरीच एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. गावाबाहेरच्या पालांवर राहणारे कुटुंब दोघांच्याही वाटेवर नसेल, तर हे गणित त्याला शोधून काढू शकत नाही. म्हणूनच गणित करणाराने आपल्या वहीबाहेर कोण राहत असेल याचा विचार सतत जागा ठेवावा लागतो.

चौथा मार्ग मृताच्या घरच्यांशी बोलण्याचा. भारतात कितीतरी मृत्यू घरीच, डॉक्टर जवळ नसताना होतात. देशभर निवडलेल्या नमुन्याच्या वस्त्यांत महानिबंधकांच्या कार्यालयातर्फे जन्ममृत्यूंची नियमित पाहणी चालते. या शतकाच्या आरंभी तिला जोडून दहा लाखांहून अधिक घरांचा समावेश असलेले एक मोठे संशोधन हाती घेण्यात आले. शिकविलेले कार्यकर्ते घरी जात आणि शेवटचे दुखणे कसे सुरू झाले, ताप किती दिवस होता, पुरळ उठले होते काय, श्वास लागला होता काय, हे विचारून ते घरच्यांच्या शब्दांत उतरून घेत. नंतर दोन डॉक्टर ती कहाणी एकमेकांना न विचारता वाचून मृत्यूचे कारण ठरवीत. शितावरून भाताची परीक्षा, तशी ही नमुन्यावरून देशाची परीक्षा. या पद्धतीने काढलेल्या अंदाजाप्रमाणे २००५ या एका वर्षी भारतात पाच वर्षांखालील सुमारे ९२ हजार मुले गोवराने दगावली. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की हे मृत्यू मुलांपेक्षा मुलींत लक्षणीय प्रमाणात अधिक होते. गोवराचा विषाणू मुलगा आणि मुलगी असा भेद इतक्या तीव्रतेने करीत नाही. तो भेद लस टोचावयास नेताना आणि दुखणे वाढल्यावर दवाखान्याची वाट धरताना घरात होत असला पाहिजे. मोजणीने येथे रोगाबरोबर समाजाचेही निदान केले.

मोजणीची पद्धती बदलल्याने युद्धाचा निकाल कसा बदलतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण भारतातच घडले. १९६२ साली देवीच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तीन वर्षांत लोकसंख्येच्या शेकडा ८० लोकांना लस टोचावयाची असे लक्ष्य होते आणि मोहिमेचे यश टोचलेल्या लशींच्या संख्येवर मोजले जाई. आकडे फुगत गेले, काही ठिकाणी लक्ष्यही ओलांडले गेले. परंतु देवी काही हटेनात. शाळेतील मुले सहज हाती लागत, म्हणून त्यांनाच पुन्हा पुन्हा टोचले जाई. तान्ही मुले, मजूर, भटके, झोपडपट्टीतील रहिवासी मात्र राहून जात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत होती. मोजमाप होते, परंतु ते कामाचे होते, रोगाचे नव्हते.

१९७३ च्या शरद ऋतूत ही दृष्टी पालटली. किती टोचले हे विचारण्याऐवजी रोगी कोठे आहे हे विचारावयाचे ठरले. उत्तर प्रदेश, बिहार आणि इतर रोगग्रस्त प्रांतांत आरोग्य खात्याचे हजारो सेवक ठराविक आठवड्यात एकाच वेळी गावोगाव हिंडले. देवी आलेल्या मुलाचे चित्र असलेले कार्ड त्यांच्या हाती असे. ते दाखवून शाळेत, बाजारात, चहाच्या दुकानात ते विचारीत, ‘असा रोगी कोठे पाहिला काय?’ पूर्वी आठवड्याला काही शेकडे रोग्यांची वर्दी येई; या पहिल्याच शोधात दहा हजारांच्या आसपास नवे रोगी उघडकीस आले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती उघडल्यावर अनेकांची पाचावर धारण बसली. रोग वाढलेला नव्हता, दृष्टी वाढली होती. परंतु वरवर पाहणाऱ्याला मोहीम फसली असेच वाटावे, असा तो आकडा होता.

पुढचे वर्ष तर याहून कठीण गेले. १९७४ साली बिहारमध्ये मोठी साथ उसळली आणि त्या वर्षी देशभरात १ लाख ८८ हजार रोगी व ३१ हजारांवर मृत्यू नोंदले गेले. जी मोहीम रोग संपविणार होती, तिच्याच वहीत अनेक वर्षांतील सर्वांत मोठा आकडा उमटला. अशा वेळी आकडा लपविण्याचा मोह किती बळावत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. तो मोह आवरला गेला, म्हणूनच पुढील यश मिळाले. रोगी सापडला की त्याच्याभोवतीच्या सर्व माणसांना लस टोचून संसर्गाची वाट तोडावयाची, हे काम नेटाने चालू राहिले. वर्दी देणाराला बक्षीस ठेवण्यात आले आणि रोगी जसजसे दुर्मीळ झाले, तसतशी त्याची रक्कम वाढवीत शेवटी एक हजार रुपयांपर्यंत नेली. एवढेच नव्हे, तर शोधणाऱ्यांच्या मागून तपासनीस जात आणि निवडक गावांत विचारीत की शोधपथक येथे खरोखर आले होते काय, बक्षिसाची गोष्ट लोकांना ठाऊक आहे काय. म्हणजे मोजणाऱ्यांचीही मोजणी होत होती.

मे १९७५ मध्ये भारतातील देवीचा शेवटचा रोगी आढळला. पण मोहीम तेथे थांबली नाही. पुढे दोन वर्षे घरे धुंडाळण्यात आली. कांजिण्यांच्या साथींतूनही नमुने घेऊन, त्यात देवी नाहीत ना, याची खात्री करून घेण्यात आली. १९७७ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचा निर्वाळा दिला आणि १९८० च्या मे महिन्यात सारे जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. शून्य हा आकडा लिहिण्यासाठी दोन वर्षे पायपीट करावी लागली.

येथे शून्याचे दोन प्रकार ध्यानात येतात. एक शून्य न पाहिल्याचे असते आणि दुसरे पाहूनही न सापडल्याचे. कागदावर दोन्ही सारखीच गोल दिसतात. ती ओळखावयाची कशी, याचे उत्तर पोलिओच्या मोहिमेने दिले. पोलिओच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे दोनशे मुलांपैकी एकालाच पक्षाघात होतो. इतरांत तो कोणाच्या ध्यानीमनी नसताना फिरत असतो. शिवाय हातपाय एकाएकी लुळे पडणे हे इतर काही रोगांतही घडते. म्हणून भारतात १९९७ पासून अशी पद्धत पडली की पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला एकाएकी लुळेपणा आला, मग कारण काहीही असो, त्याची वर्दी द्यावयाची आणि चौदा दिवसांच्या आत त्याच्या शौचाचे दोन नमुने बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवावयाचे. या कामात मुंबईच्या परळ भागातील आंत्रविषाणू संशोधन केंद्राने फार मोठा वाटा उचलला.

यातली खुबी अशी आहे. पोलिओ मुळीच नसला तरी एक लाख मुलांमागे वर्षाला निदान एकाला इतर कारणांनी असा लुळेपणा येतोच. तेव्हा एखाद्या जिल्ह्याने ‘आमच्याकडे पोलिओ शून्य’ असे कळविले, तर त्याला विचारावयाचे, ‘मग पोलिओ नसलेले लुळे रोगी किती सापडले?’ तेही शून्य असतील, तर तेथे रोग नाही असे न समजता तेथे पाहणारा नाही असे समजावयाचे. न शोधलेला रोगी शोधण्याचे नव्हे, तर न शोधलेला जिल्हा शोधण्याचे हे साधन होय. त्याच्या जोडीला २००१ पासून मुंबईत सांडपाण्याचे नमुने तपासण्यास आरंभ झाला. कारण एकाही मुलाचा पाय लुळा पडण्यापूर्वी विषाणू गटारातून आपली वर्दी देतो. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रोगी आढळले होते. २०१० मध्ये ते ४२ वर आले. आणि १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यातील एका बालिकेला झालेला पोलिओ हा या देशातील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा पोलिओ ठरला. मार्च २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. ते शून्य पारखून घेतलेले होते.

आतापर्यंतचा विचार रोगी किती, एवढ्यापुरता झाला. परंतु रोगाचा भार हा केवळ डोक्यांच्या संख्येने कळत नाही. घरात मडक्यांची उतरंड असते. खाली मोठे मडके, त्यावर मध्यम आणि सर्वांत वर लहान गाडगे. रोगाचा भारही तसाच रचलेला असतो. रोटा विषाणूमुळे लहान मुलांना होणाऱ्या अतिसाराचा भारतीय संशोधकांनी २०१४ साली मांडलेला हिशेब पाहावा. पाच वर्षांखालील मुलांत वर्षाला सुमारे १ कोटी १४ लाख वेळा हा आजार होतो. त्यांतील सुमारे ३२ लाख ७० हजार वेळा मुलाला दवाखान्यात दाखविले जाते. ८ लाख ७२ हजार मुले रुग्णालयात ठेवावी लागतात. आणि ७८ हजार दगावतात, असा तो अंदाज होता. केवळ मृत्यू पाहणाराला वरचे गाडगेच दिसते. बुडालेली मजुरी, औषधासाठी काढलेले कर्ज, रात्रभर जागलेली आई हे सर्व तळच्या मडक्यात असते. हा हिशेब हाती असल्यामुळेच या रोगाची लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आणण्याच्या निर्णयाला आधार मिळाला.

मग मृत्यू आणि पंगुत्व एकाच तराजूत कसे घालावे? याकरिता १९९३ च्या सुमारास एक माप प्रचारात आले; त्याला ‘गमावलेली निरोगी वर्षे’ असे म्हणता येईल. जे मूल सत्तर वर्षे जगावयाचे ते दुसऱ्या वर्षीच गेले, तर ६८ वर्षे गमावली. जे मूल जगले पण पंगू झाले, त्याच्या आयुष्याचे प्रत्येक वर्ष काही अंशी गमावले असे धरावयाचे. उदाहरणासाठी हा अंश एकतृतीयांश मानला आणि ते मूल आणखी साठ वर्षे जगले, तर वीस वर्षे गमावली. या मापाने निरनिराळ्या रोगांची तुलना करता येते, हा त्याचा मोठा गुण. परंतु हा अंश निसर्गाने ठरविलेला नसून माणसांनी ठरविलेला आहे, हे विसरता कामा नये. आरंभी या मापात तरुणाच्या आयुष्याचे वर्ष तान्ह्या मुलाच्या वर्षापेक्षा अधिक मोलाचे धरले होते; त्यावर आक्षेप आले आणि २०१० सालासाठी केलेल्या जागतिक हिशेबापासून तो भेद काढून टाकण्यात आला. तराजू कोणाच्या हाती आहे, हे पाहणे तराजूइतकेच महत्त्वाचे असते.

काही रोग तर असे असतात की रोग्याकडे पाहून त्यांचा भार मुळीच कळत नाही. रुबेला हा मुलांत अगदी सौम्य आजार. दोन दिवस ताप, थोडे पुरळ आणि मूल पुन्हा खेळू लागते. परंतु १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्या ध्यानात आले की जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बालकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी हा आजार होऊन गेला होता. पुढे बहिरेपण आणि हृदयाचे दोषही त्याच कारणाशी जोडले गेले. म्हणजे रोग एकाला होतो आणि त्याचा भार दुसऱ्याने, तोही जन्मभर वाहावयाचा. ब प्रकारच्या काविळीत हेच अंतर काळाचे असते. जन्मतः झालेला संसर्ग यकृताच्या कर्करोगाच्या रूपाने कित्येक दशकांनी वर येतो. म्हणून रुबेलाचा भार तापाच्या रुग्णांवरून न मोजता नवजात बालकांच्या तपासणीवरून आणि तरुण स्त्रियांच्या रक्तातील प्रतिकारद्रव्यांवरून मोजावा लागतो. भारतात २०१७ पासून गोवराबरोबर रुबेलाचीही लस देण्याची मोहीम सुरू झाली, ती या अदृश्य भाराची जाणीव झाल्यामुळे.

आकड्यांच्या वाचनात आणखी एक फसवणूक संभवते, आणि लोकांच्या मनात शंका निर्माण करण्याचे सामर्थ्य तिच्या ठायी फार आहे. एखाद्या गावात गोवराची साथ आली आणि आजारी मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना लस दिलेली होती असे आढळले. लगेच लोक म्हणतात, लशीचा उपयोग काय? आता हिशेब पाहावा. गावात हजार मुले. त्यांपैकी ९०० जणांना लस दिली, १०० जणांना दिली नाही. लस शंभरांतील नव्वदांचे रक्षण करते असे धरू. रोग सर्वांपर्यंत पोहोचला, तर लस न दिलेली १०० मुले आजारी पडतील आणि लस दिलेल्या ९०० पैकी ९० पडतील. आजाऱ्यांत लसवंतांचा वाटा निम्म्याच्या जवळ आला खरा. परंतु लस न घेतलेली सारी मुले पडली आणि घेतलेल्या दहांपैकी एकच पडले, ही गोष्ट त्या वाक्यात लपून गेली. आजारी किती, एवढेच विचारून भागत नाही. कितींपैकी किती, हे विचारावे लागते.

लशीच्या यशात एक विचित्र संकट दडलेले असते. लस यशस्वी झाली म्हणजे रोग दिसेनासा होतो आणि रोग दिसेनासा झाला म्हणजे लशीची गरजही दिसेनाशी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २००० साली जगात गोवराने सुमारे ८ लाख माणसे दगावली होती. २०२३ साली ही संख्या १ लाख ७ हजारांच्या आसपास आली. हे यश मोठे आहे. परंतु उरलेले मृत्यू बहुतांशी लहान मुलांचेच आहेत आणि ते टाळता येण्याजोगे होते. गोवर हा अत्यंत वेगाने पसरणारा रोग असल्यामुळे शंभरांतील सुमारे पंच्याण्णव मुले सुरक्षित असल्यावाचून तो थोपविता येत नाही. शहराची सरासरी चांगली असली, तरी एखाद्या वस्तीत ती ढासळलेली असली म्हणजे तेवढी फट त्याला पुरते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराने डोके वर काढले, तेव्हा याचाच प्रत्यय आला. सरासरीचा आकडा शहराला दिलासा देत असतो; विषाणू मात्र सरासरीत राहत नाही, तो वस्तीत राहतो.

तात्पर्य, रोगांची मोजदाद हे निव्वळ कारकुनी काम नव्हे. खेड्यातील परिचारिकेने वर्दीच्या कागदावर लिहिलेले एक नाव, प्रयोगशाळेत पोहोचलेली एक थंडगार बाटली, मृताच्या आईची कोणीतरी शांतपणे ऐकून घेतलेली हकिकत यांतूनच राष्ट्राला आपल्या मुलांची स्थिती कळते. या साखळीत जो वाईट आकडा खरेपणाने कळवितो, त्याला शिक्षा न होता त्याचे आभार मानले गेले, तरच पुढचा आकडा खरा येतो. वहीत शून्य आढळले की आनंद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या शून्यापाशी क्षणभर थांबून, येथे कोणी पाहिले होते काय, एवढा प्रश्न विचारण्याची सवय समाजाला लागली पाहिजे. कारण न मोजलेले मूलही तितक्याच वेदनेने आजारी पडते, आणि त्याचे घर कोणत्या वस्तीत आहे हे ठाऊक असल्यावाचून लस त्याच्या दारापर्यंत जाऊ शकत नाही.